कदमकाकांचं रोम

कदमकाकांना रोम पसंत नाही. ते तिथे कधी गेलेले नाहीत. इथे आखातात, दार्सैतच्या आमच्या खोलीत बनियनवर चहा पीत बसतात आणि तिथूनच त्या शहराला नापास करतात.

"पँथिऑनच्या घुमटाला मधोमध भोक ठेवलंय. पाऊस आत येतो. म्हणून मग फरशीला पाणी जायला आणखी भोकं! मी असं काम केलं असतं तर अर्बाबानं दुपारच्या आत गेटाबाहेर काढलं असतं."

कोलोसियमचं नाव काढलं की नुसता हात झटकतात. "अर्धं पडलंय. एवढ्या वर्षांत कुणाला डागडुजी सुचली नाही?"

काका लांज्याचे. रुसैलच्या एका कारखान्यात व्हिलांसाठी प्लास्टरचे खांब ओततात. साचे त्यांच्या हातचे. मी तिथेच ऑफिसात आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावानं माझा सत्कार केला होता, पण नोकरी लागली ती काकांनी अर्बाबाकडे, म्हणजे मालकाकडे, शब्द टाकला म्हणून. त्यामुळे रोमविषयी मी वाद घालत नाही.

त्यांची एकुलती मुलगी मुग्धा दीड वर्षापासून रोममध्ये आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकते. काकू आता नाहीत. दर शनिवारी मुग्धा एखाद्या इमारतीचा फोटो पाठवते. काकांची अट एकच, तिनं खांबाशेजारी उभं राहायचं. "माणूस असला की माप कळतं."

एकदा इब्रा गावच्या एका गिऱ्हाइकाला हुबेहूब रोमसारखे खांब हवे होते. काकांनी मुग्धाच्या फोटोवरून आठ खांब केले. आठांच्याही माथ्यावरच्या नक्षीतलं एक पान तुटकं.

अर्बाब ओरडला, "ये टूटा क्यूँ है?"

"फोटो में टूटा है."

आठही पुन्हा ओतावे लागले. "दुसऱ्याच्या कामात आपण अक्कल चालवत नाही," काका मला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात मुग्धा तीन आठवडे तापानं अंथरुणात होती. काकांना ते ती बरी झाल्यावर कळलं. त्या तीन आठवड्यांत फोनवर ती रोज "मजेत आहे बाबा" म्हणत होती. तेव्हापासून काका तिला "कशी आहेस" असं विचारत नाहीत.

परवाच्या शनिवारी फोटोत नुसता खांब आला. काका अस्वस्थ झाले. मदत म्हणून मी नेटवरून त्या खांबाची उंची कागदावर लिहून दिली. त्यांनी तो कागद न वाचताच बाजूला ठेवला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"काय गो, माप कसं घेऊ?"

"बाबा, पँथिऑनचा खांब आहे हा. दहादा पाठवलाय. माप तर तुम्हाला पाठ असेल!"

"खांबाचं आहे," काका म्हणाले.

मुग्धानं फोन तिथल्याच कुणा बाईच्या हातात दिला, चालत गेली, जाडजूड जॅकेट काढलं आणि खांबाला टेकून सरळ उभी राहिली.

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"जरा वळ," ते म्हणाले. "आता दुसऱ्या बाजूनं."