टीमला कॅचर हवाच

आपल्या बेसबॉल टीमला नेमकं काय हवंय, हे अख्ख्या आयोवात एकट्या क्लेमेंट हासला ठाऊक होतं, आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा. टीमला कॅचर हवा होता. चेंडू टाकणारा पिचर ठीक, फलंदाज ठीक, पण पिचरच्या समोर उकिडवा बसून चेंडू झेलणारा जो माणूस असतो, तो धड नव्हता. बाकी सगळं घर नीट आणि दारालाच कडी नाही, असा प्रकार होता.

जुलै लागला की वेल्डन गावात दोन पिकं जोमाने वर यायची, मका आणि मतं. महिनाअखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपे. तोवर दुसऱ्या टीमकडून हवा तो मुरलेला गडी आणायचा आणि बदल्यात आपली होतकरू पोरं द्यायची. मुदत टळली की पदरात असेल त्यावर भागवायचं. टीम दूर शहरातली मोठी, आणि हे व्यवहार तिथले साहेब करत. पण त्यांचा खरा निकाल ऑरिन स्टब्जच्या सलूनमध्ये लागायचा. ऑरिन कात्री चालवायचा आणि क्लेमेंट तोंड. त्याने सारी हयात शाळेची बस चालवली होती, त्यामुळे मागे कितीही गलका असला तरी मान न वळवता त्याला गप्प करायची त्याची हातोटी होती.

त्याचं तत्त्व सोपं होतं. "पोरं द्या, कॅचर घ्या. पोरं काय, दरवर्षी येतात."

या वर्षी मे महिन्यात त्यांपैकी दोन त्याच्याच घरी राहायला आली.

वेल्डनची टीम म्हणजे त्या मोठ्या टीमच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी. तिथे खेळणाऱ्या पोरांना मिळणाऱ्या पैशात खोली परवडत नाही, म्हणून गावातली घरं त्यांना हंगामापुरती ठेवून घेतात. क्लेमेंटच्या बायकोने, रोझलीने, तळघरातले दोन पलंग झाडून दोघांना जागा दिली. एक होता यादिएल, डॉमिनिकन देशातला डावखुरा पिचर. इंग्रजी जेमतेम, पण हसणं भरपूर. आठवड्याभरात तो रोझलीला मॉम म्हणू लागला, आणि जूनपर्यंत डॉमिनोजच्या सोंगट्यांत क्लेमेंटला रोज हरवू लागला. दुसरा लेम्युएल प्रुइट, मिसिसिपीचा. हा जेवायचा, "थँक यू, मॅम" म्हणायचा, ताटं विसळायचा आणि खाली जायचा. हाही कॅचरच होता, पण क्लेमेंटला हवा होता तो खरा कॅचर. टीव्हीवर दिसतो तसा.

यादिएल चेंडू असा टाकायचा की समोरचा फलंदाज बॅट फिरवून मग विचार करायचा. शहरातल्या रेडिओवर त्याचं नाव येऊ लागलं. क्लेमेंटची छाती फुगली, पण फार वेळ नाही. कारण रेडिओवाला पुढे असंही म्हणाला की डेव्हरेल नावाचा नामांकित कॅचर विकाऊ आहे, आणि त्याच्या बदल्यात समोरची टीम एखादा डावखुरा पोरगा मागेल.

"म्हणजे तुझ्या तळघरातला," ऑरिन कात्री थांबवून म्हणाला.

एका रात्रीत क्लेमेंटच्या लक्षात आलं की टीमला कॅचरची मुळीच गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सलूनमध्ये ते सविस्तर पटवूनही दिलं. आहे तो कॅचर काय वाईट आहे? धावत नाही, पण कॅचरला धावायचंय कुठे? डेव्हरेलचे गुडघे गेलेत. आणि मुख्य म्हणजे, टीम पोरांवर उभी राहते. पोरं दिली की काय राहतं? सलूनमधले लोक आळीपाळीने त्याच्याकडे आणि एकमेकांकडे बघत राहिले. चर्चमध्ये पाद्र्यानेच देव नाही म्हणावं, तसं झालं होतं.

मग सगळे हसले, फक्त ऑरिन हसला नाही. खुर्चीवर क्लेमेंटच होता. ऑरिनने कात्री खाली ठेवली.

"क्लेम, ही टीम शेवटची जिंकली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मला ते आठवतसुद्धा नाही. बापाने सांगितलं म्हणून ठाऊक. आता डॉक्टर माझ्याशी पुढच्या हंगामाबद्दल बोलत नाहीत. मला एकदा बघायचंय, एवढंच."

"माहीत आहे रे."

"तुला तो पोरगा ठेवायचाय. तसं सरळ म्हण, बोलणंच संपलं. पण टीमला काय हवंय ते मला शिकवू नकोस. तूच मला शिकवलंयस ते."

क्लेमेंटने गळ्याभोवतीचं फडकं सोडलं. तो उठला आणि गेला. डोकं एकाच बाजूने कापलेलं होतं, हे घरी रोझलीने दाखवलं तेव्हा कळलं. चार दिवस तो टोपी घालून जेवला. मित्राचं अखेरचं मागणं एकीकडे आणि डॉमिनोज खेळणारं पोर दुसरीकडे, अशी ओढाताण त्याने आयुष्यात सोसली नव्हती. क्लेमेंट-ऑरिनचं मत शहरातल्या साहेबांनी विचारलेलं नाही, ही गोष्ट मात्र दोघांपैकी कुणालाच आठवली नाही.

मुदत सोमवारी संपणार होती. रविवारी दुपारी वेल्डनच्या मैदानावर सामना होता आणि यादिएल टाकत होता.

आता बेसबॉलवेड्यांमध्ये एक खूण आहे, ती लहान मूलही ओळखतं. जुलैच्या शेवटच्या दिवसांत चालू सामन्यातून एखाद्याला बाहेर बोलावलं आणि बाकावरच्या सोबत्यांनी त्याला मिठी मारली, की समजायचं, तो दुसरीकडे गेला. जाहीर नंतर होतं, मिठी आधी पडते. त्या दिवसांत प्रेक्षक खेळ कमी आणि बाक जास्त बघतात.

चौथ्या डावात मॅनेजर सावकाश चालत मैदानात आला. यादिएलने चेंडू त्याच्या हातात दिला आणि तो बाहेर निघाला. लेम्युएलही मागोमाग आला, पण झेलणारा आत आहे की बाहेर, हे त्या क्षणी कोण बघतो? सगळ्यांचे डोळे बाकावर. तिथे यादिएलने कुणाला तरी घट्ट मिठी मारली होती. समोरच्याची फक्त पाठ दिसत होती, छातीवरच्या चिलखताच्या पट्ट्या अडकवलेली. यादिएलचा चेहरा त्या खांद्यावर होता आणि तो रडत होता.

"गेला," क्लेमेंट म्हणाला.

रोझलीने त्याचा हात धरला. मागची ओळ उठून उभी राहिली, मग सगळा स्टँड. टाळ्या थांबेनात. यादिएलने डोळे पुसत टोपी उंचावली, तेव्हा तर गावच्या शेरीफनेही नाक शिंकरलं.

गेलेल्या खेळाडूला त्याच संध्याकाळी निघावं लागतं, हे नवरा-बायकोला ठाऊक होतं. सामना अर्धा टाकून ते घरी आले. रोझलीने तळघरातलं यादिएलचं कपाट मोकळं केलं, धुण्याच्या यंत्रातले ओले शर्ट इस्त्रीने वाळवले आणि सगळं मोठ्या बॅगेत भरलं, वर सकाळच्या केकचा पत्र्याचा डबा. क्लेमेंट बॅगेवर बसला तेव्हा कुठे ती बंद झाली. तोवर शेजारी जमू लागले. वेल्डनमध्ये दुःख झालं की लोक भाजलेल्या पदार्थांची झाकलेली भांडी घेऊन येतात. पडवीतल्या टेबलावर बटाटे, नूडल्स आणि शेंगा दाटीने बसल्या.

ऑरिन आला तो चर्चला जायचा कोट घालून. त्याने क्लेमेंटच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी हे असं मागितलं नव्हतं."

"मागितलं होतंस, आणि बरोबर मागितलं होतंस," क्लेमेंट म्हणाला. "तू बघच या वर्षी जिंकलेलं. माझं मी बघेन." हे त्याने मनापासून म्हटलं. आयुष्यात बेसबॉलवर त्याने इतकं कमी शब्दांत कधीच मत दिलं नव्हतं.

दोघं पोरं सायकलींवरून आली. अंगणात एवढी माणसं बघून यादिएलचे डोळे पुन्हा भरले. प्रत्येकाने त्याला जवळ घेतलं. तोही प्रत्येकाला "थँक यू, थँक यू" म्हणत राहिला आणि मधूनमधून लेम्युएलचा दंड धरून त्याला पुढे ओढत राहिला. लेम्युएल लाजून मागे सरायचा. निघताना पोराला मित्राचीही आठवण आहे, या विचाराने क्लेमेंटला भरून आलं. त्याने दोन शब्द बोलायचं ठरवलं, पण तोंड उघडल्यावर तो लेम्युएलकडे वळून म्हणाला, "लेम, आतल्या खुर्च्या आण बरं." लेम्युएलने खुर्च्या आणल्या. मग लोकांची ताटं वाढली, मग रिकामी ताटं उचलून तो आत विसळायला गेला.

उन्हं कलली तशी भांडी रिकामी झाली आणि शेजारी आपापलं झाकण ओळखून घरी गेले, ऑरिन तेवढा थांबला. तेवढ्यात विमानतळाची गाडी आली. क्लेमेंटने बॅग स्वतः उचलून डिकीत ठेवली. ड्रायव्हरने फोनमध्ये बघितलं.

"लेम्युएल प्रुइट?"

"यादिएल," क्लेमेंट म्हणाला. "त्यांनी चुकीचं पाठवलंय."

ड्रायव्हरने पुन्हा बघितलं आणि मान हलवली. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मीच तो, सर." लेम्युएल ओले हात पँटला पुसत उभा होता. पायाशी त्याची लहानशी बॅग होती. ती त्याने स्वतःच भरली होती.

रोझली पडवीच्या पायरीवर बसली. शेवटी क्लेमेंट म्हणाला, "अरे, सांगायचं नाहीस का?"

"सांगणार होतो, सर. पण सगळे यादिएलसाठी रडत होते. मैदानात तो दमला म्हणून त्याला काढलं होतं, पण मला वाटलं, मागून त्यालाही सांगितलं असेल. त्याच्या निरोपात मध्येच माझं कुठे काढायचं? यादिएलला वाटलं लोक माझ्यासाठीच आलेत, म्हणून तो मला ओढत होता."

"कुणाच्या बदल्यात?" ऑरिनने विचारलं.

"डेव्हरेल," लेम्युएल म्हणाला. मग क्लेमेंटकडे वळून, टोमणा नाही, खोच नाही, अगदी आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणाला, "तुम्हाला कॅचर मिळाला, सर."

क्लेमेंटला कसंतरीच झालं. महिनाभर त्याने सलूनमध्ये टीमच्या एकेका पोराचा सौदा केला होता, मोडला होता, पुन्हा केला होता. कुणाला द्यावं म्हणून भांडला, कुणाला देऊ नये म्हणून भांडला. या पोराचं नाव द्यायच्या पोरांतही त्याने कधी घेतलं नव्हतं. रोज त्याच्या समोर बसून जेवणारा पोरगा. त्याचं गावाकडे कोण कोण आहे, हेसुद्धा क्लेमेंटला माहीत नव्हतं.

रोझली उठली आणि तिने लेम्युएलला पोटाशी धरलं. त्याला काहीतरी खायला द्यावं म्हणून तिने टेबलाकडे बघितलं, तर टेबल पुसून लख्ख, आणि ते लेम्युएलनेच पुसलेलं. यादिएलने पुन्हा मिठी मारली आणि पुन्हा रडला. ड्रायव्हर घड्याळ बघू लागला. क्लेमेंटने हात पुढे केला, लेम्युएलने तो दोन्ही हातांनी धरला, आणि गाडी मक्याच्या शेतांमधून निघून गेली.

थोड्या वेळाने यादिएल तळघरातून वर आला. त्याचं कपाट मोकळं होतं. कपडे कुठे आहेत, असं त्याने खुणेने विचारलं, तेव्हा क्लेमेंटला डिकी आठवली.

सोमवारी यादिएल क्लेमेंटच्या पँटमध्ये सरावाला गेला. तिच्यात तो आणि आणखी एक पिचर मावला असता. संध्याकाळी नव्या गावाहून लेम्युएलचा फोन आला. पोहोचला होता, बरा होता, यादिएलची बॅग उद्याच पाठवतो म्हणाला. मग जरा घुटमळला.

"सर, बॅगेत वरच मॅमनी केलेला केक होता. विमानतळावर फार भूक लागली. मी खाल्ला. सगळा."

रोझली क्लेमेंटच्या खांद्यापाशी कान लावून उभी होती. तिने जोरजोरात हातवारे केले. क्लेमेंटने घसा साफ केला.

"वेडा आहेस का? तो तुझ्यासाठीच होता. तिने खास तुझ्यासाठी केला होता."

"हो, सर," लेम्युएल नेहमीच्या अदबीने म्हणाला. "फक्त झाकणावर यादिएलचं नाव आहे."