योलानचा मळा आणि व्हेंडेलचा परवाना

दोष द्यायचाच तर पालिंकाच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, दुसऱ्या पेल्याला द्यावा. पहिल्या पेल्यापर्यंत व्हेंडेल गप्प होता. मेहुणा बेनेडेक, गावातला नामांकित शिकारी, आपल्या बहिणीला, व्हेंडेलच्या बायकोला योलानला, समजावत होता, की तुझ्या द्राक्षमळ्यात रानडुक्कर शिरतंय खरं, पण चहूकडे घरं असल्यामुळे तिथे बंदूक चालवता येत नाही. योलान म्हणाली, यंदाही डुकरानेच तोडणी केली तर मी बाबांचा मळा विकून टाकते. आणि डोळे पुसायला आत गेली. तेव्हा दुसरा पेला संपवून व्हेंडेल म्हणाला, "मग मी धनुष्याने मारतो."

"भाऊजी, त्याला परवाना लागतो. परीक्षा असते."

"मग देऊ की परीक्षा."

(टपाल कचेरीत शिक्के मारण्यापलीकडे या माणसाने जन्मात काही मारलं नव्हतं. घरात माशी आली तरी खिडकी उघडून तिला वाट दाखवायचा.)

धनुष्य आलं, नियमांचं जाडजूड पुस्तक आलं. धनुष्याची ताकद किती, बाणाचं पातं केवढं, जनावर कसं उभं असेल तर मारायचं आणि कसं असेल तर नाही, सगळं त्यात होतं. अंगणात वाळत घातलेल्या रजया मात्र पुस्तकात नव्हत्या. व्हेंडेलचा पहिलाच बाण पेंढ्याच्या पोत्याला वळसा घालून योलानच्या माहेरच्या पिसांच्या रजईतून आरपार गेला. इतकी पिसं उडाली, की शेजारीण विचारायला आली, पाहुणे येणार आहेत का, किती कोंबड्या कापल्या?

योलानने फर्मान काढलं. "खेचा हवं तेवढं. पण या अंगणात बाण सोडायचा नाही."

"न सोडता सराव कसा व्हायचा?"

"आईची रजई फाडून तर नाहीच होत."

तेव्हापासून व्हेंडेल रोज संध्याकाळी धनुष्य खेचायचा, नेम धरायचा आणि हळूच सैल सोडायचा. रविवारी तेवढा बेनेडेककडे जाऊन खरे बाण मारून यायचा.

परीक्षेला जंगलात रबरी जनावरं उभी केली होती. व्हेंडेलने हरणाला कसंबसं गाठलं, कोल्ह्याला शेपटीजवळ. शेवटी तोंड समोर करून उभं असलेलं डुक्कर आलं. हे चुकलं तर नापास. व्हेंडेलने धनुष्य खेचलं, नेम धरला आणि रोजच्या सवयीने हळूच सैल सोडलं. घोटाळा लक्षात येऊन त्याचे कान तापले, पण परीक्षक बाईंनी त्याचा हात हातात घेतला.

"समोरून मारायचं नसतं, हे आज एकट्या तुम्हाला कळलं," त्या म्हणाल्या. व्हेंडेलने नम्रपणे मान खाली घातली. (दुसरं करणार काय?)

शिकारमंडळाने मळ्यात मचाण बांधायला परवानगी दिली. द्राक्षं भरली, आणि एका संध्याकाळी डुक्कर आलं. पुस्तकातल्या चित्रासारखं अगदी आडवं उभं राहिलं. व्हेंडेलने धनुष्य खेचलं. डुक्कर घोस तोंडात धरून मिटक्या मारत होतं, हनुवटीवरून रस गळत होता. व्हेंडेलला त्याची भारी दया आली. त्याने डोळेच मिटून घेतले आणि हात आपसूक सैल झाले. डुक्कर पुढच्या ओळीकडे वळलं. आता योलानला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

इतक्यात खालून ठणाणा आवाज उठला. डुक्कर जे सुटलं ते कुंपण मोडून थेट रानात. वेलींमधून योलान बाहेर आली. एका हातात पातेल्याचं झाकण, दुसऱ्या हातात डाव.

"तू इथे कशी?"

"म्हटलं, सोबत असलेली बरी."

"कोन बरोबर नव्हता," व्हेंडेल वरून म्हणाला.

"हो. आणि तुमचे डोळेही मिटलेले होते." योलान शिडीच्या पायरीवर टेकली. "तुमच्याच्याने व्हायचं नाही, मला ठाऊक होतं. खरं सांगू? बरंच वाटलं."

गावात मात्र ती हेच सांगत राहिली, की व्हेंडेलच्या धाकाने डुक्कर पळालं. रोज तो परवाना खिशात घालून मचाणावर बसायचा आणि ती झाकण घेऊन खाली वेलींत. तोडणी झकास झाली. मळा विकायचं कुणी नावही काढेना.

तोडणीआधीच्या शेवटच्या संध्याकाळी व्हेंडेल म्हणाला होता, "आज झाकण मी वाजवतो. तू वर बस."

योलानने झाकण पदराआड करावं तसं एप्रनखाली घेतलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "याची परीक्षा दिलीय का तुम्ही?"