सगळेच गोवर्धन राऊत

पातूरजवळच्या गोवर्धन राऊतांच्या घरी सकाळपासून एकच धांदल उडाली होती. मोर्शीहून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी फोन त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी उचलला होता आणि पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला होता, "तुमच्या जमिनीबद्दल समजलं. पोरीले घेऊन उद्या येतो." 'जमीन' आणि 'पोरगी' हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर पार्बताबाईंना तिसरा शब्द ऐकायची गरजच वाटली नाही.

गोवर्धनरावांची जमीन दीड एकर. त्यात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. मुलगा विपुल लग्नाचा होता, पण येणारे पोह्याची बशी संपवून "कळवतो" म्हणत आणि कधीच कळवत नसत. दीड एकरवाल्याला मुलगी द्यायची कोणी?

आणि मग चमत्कार झाला. वऱ्हाड भूमाहिती महामंडळानं अमरावतीला एक मोठं संगणकी कोठार उभारलं आणि सगळ्या तालुक्यांच्या जमिनीची माहिती त्यात ओतली. घोषणाच होती, 'एक माणूस, एक नोंद!' विपुलनं सहज मोबाइलवर बापाचं नाव टाकलं, तर यादी खाली सरकवता सरकवता त्याचा अंगठा दुखायला लागला. तेल्हाऱ्यात कपाशीचं रान, मोर्शीत संत्र्याची बाग, अंजनगावात केळी...

"बाबा, तुमी तं जमीनदार निंघाले!"

"लेका, मी मोर्शी एकडाव पाह्यली, तेई यष्टीतून," गोवर्धनराव म्हणाले.

"सरकारनं लिवलं ते खोटं असंल काय?" पार्बताबाई म्हणाल्या. "मामंजींनी घेऊन ठेवली असंल कधी, न सांगता."

"माह्या बापानं जन्मात छत्री घेतली नाई व!"

गोवर्धनराव तलाठ्याकडे गेले. त्यानं हात वर केले. "हे वरून आलं. वरून आलेलं खाली दुरुस्त होत नसते." तोवर गावभर बोभाटा झाला होता. सरपंच त्यांना बसायला खुर्ची देऊ लागले. ट्रॅक्टर विकणारा रोज नमस्कार घालू लागला. आणि आता मोर्शीहून मुलगी येत होती.

पाहुणे आले. चांगला टोपीवाला, पिळदार माणूस आणि सोबत हातात मोबाइल धरलेली मुलगी. तिचं नाव आचल. पार्बताबाईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि पोह्यांची रास पुढे ठेवली.

"आमाले जमिनीबद्दल बोलाचं होतं," पाहुणा म्हणाला.

"बोला नं जी! आजकाल सोयरीक म्हटली की बोलणं तिथूनच सुरू होते."

पाहुण्याच्या तोंडात पोहे होते, त्यामुळे 'सोयरीक' त्याच्या कानात नीट शिरली नाही. "मोर्शीची ते संत्र्याची बाग..."

"आमचीच हाये!" पार्बताबाई अभिमानानं म्हणाल्या. "म्या काई पाह्यली नाई अजून. पण पोरगी तिकडचीच असली तं लक्ष ठेवाले बरंच."

पाहुण्याला जोराचा ठसका लागला. आचलनं पाठ थोपटली आणि मोबाइलवरची बागेची नोंद पुढे धरली. डोळे पुसत तो ओरडला, "बाई, ते बाग माह्या बापानं लावली! अन् तुमी ते आमालेच राखाले देऊन राह्यल्या?"

"तुमचं नाव काय जी?" कोपऱ्यातून गोवर्धनरावांनी हळूच विचारलं.

"गोवर्धन महादेवराव राऊत!"

गोवर्धनराव उठून उभे राहिले. त्यांचंही नाव तेच होतं आणि वडिलांचं नावही महादेवरावच. कुळदैवत विचारलं, तर तेही एकच निघालं. म्हणजे सोयरे नव्हेत, भाऊबंदच! विपुल नवा शर्ट घालून दारात उभा होता. त्याच्याकडे बघून आचल गोड हसली. "नमस्कार, दादा."

विपुल आत गेला आणि शर्ट बदलून आला.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून अमरावतीला महामंडळात पोचले. तिथला इंजिनियर गजेंद्र भलताच उत्साहात होता. कोठाराचं उद्घाटन एका दिवसावर आलं होतं. मांडवही घातला होता.

"दोनदा आलेली नावं काढून टाकायला आम्ही कॉम्प्युटरला शिकवलं," तो सांगू लागला. "नाव एक, वडिलांचं नाव एक, म्हणजे माणूस एक!"

"अन् आमी इथं दोघं उभे आहो, ते?" मोर्शीवाल्यांनी विचारलं.

गजेंद्र उत्तर देणार तोच दारातून आवाज आला, "गोवर्धन राऊत कोन हाये? माही कपाशी कुठं गेली?" तेल्हाऱ्याचा एक मिशाळ, आडदांड गडी आत घुसला. त्याचंही नाव तेच. त्याच्यामागून अंजनगावचे केळीवाले आले. मग आणखी कोणकोण. गजेंद्रनं "गोवर्धनराव, बसा" म्हटलं की सगळे बसायचे आणि "गोवर्धनराव, या" म्हटलं की सगळे टेबलावर चालून जायचे. शेवटी त्यानं प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली.

तोडगा निघाला. पातूरची माहिती सगळ्यात आधी भरली गेल्यामुळे कॉम्प्युटरच्या मते खरा गोवर्धन पातूरचा. बाकीचे त्याची सावली. पातूरवाल्यांनी एकेक जमीन सोडायची, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो मोठ्यानं सांगायचा.

पार्बताबाईंनी नवऱ्याला कोपरखळी मारली. "अवो, संत्र्याची बाग तं राहू द्या. एक बहार."

"अन् त्या माणसानं काय करावं? आपले वांगे मोजत बसावं?" गोवर्धनराव म्हणाले आणि त्यांनी पहिला ओटीपी वाचला.

बाग मोर्शीला गेली. टाळ्या पडल्या. केळी अंजनगावला गेली. पुन्हा टाळ्या. गोवर्धनरावांना असा मान उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मोबाइल वाजला की ते खणखणीत आवाजात आकडे म्हणायचे, गजेंद्र बटण दाबायचा आणि एक एक राऊत सुखी होऊन खुर्चीत बसायचा. कपाशीचं रान तेल्हाऱ्याला गेलं. मोबाइल पुन्हा वाजला. त्यांनी पुन्हा आकडे म्हटले. गजेंद्रनं पुन्हा बटण दाबलं.

मग तो पडद्याकडे बघतच राहिला.

"पातूरवाले, हा दीड एकर कोणाचा होता?"

"माहा! काहून?"

"तोही तेल्हाऱ्याला गेला. आता तुमच्या नावावर... काहीच नाही."

टाळ्या थांबल्या. जमीन परत मिळायची, तर आता ओटीपी तेल्हारावाल्यांच्या मोबाइलवर येणार होता. तो आलाही. मिशाळ गोवर्धननं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि आकडे न सांगताच तो सरळ बाहेर चालू लागला.

"धरा त्याले! वांगे घेऊन चाल्ला!" पार्बताबाई पदर खोचून धावल्या. मागून विपुल, आचल आणि उरलेले सगळे राऊत. मांडवाचा एक खांब कलला, उद्घाटनाचा फलक खाली आला. तेल्हारावाल्यांना फाटकाजवळ गाठलं तेव्हा ते आपल्या जीपमध्ये वाकून काहीतरी हुडकत होते.

"माय व, चष्मा तं घेऊ द्या," ते दचकून म्हणाले. "आकडे दिसाले नको काय?"

चष्मा लावून त्यांनी तिथूनच आकडे ओरडून सांगितले. खिडकीतून गजेंद्र ओरडला, "झालं! दीड एकर पातूरला!"

नंतर चहा घेताना पार्बताबाईंना वर बघवत नव्हतं. "भाऊजी, चुकलं माहं," त्या पुटपुटल्या.

"जाऊ द्या, वयनी. म्या तरी सकाळी काय आशीर्वाद देत आलो होतो?" तेल्हारावाल्यांनी बशीत चहा ओतला. "एक सांगतो. माह्या साळ्याची पोरगी हाये, गीतांजली. अकोल्यात नर्स हाये. तिच्या बापाले लय जमीनवाला जावई पाह्यजे होता. मी आत्ताच त्याले फोन लावला. म्हटलं, अख्ख्या वऱ्हाडाची जमीन या माणसाच्या नावावर होती, अन् त्यानं पटापटा ज्याची त्याले देऊन टाकली. सोताचीई देऊन बसला! असा सासरा पोरीले कुठं सापडंन?"

"मंग? काय म्हणाले?" विपुलनं कप खाली ठेवत विचारलं.

"म्हणे, रविवारी येतो पाहाले."

गोवर्धनरावांचा चेहरा उजळला. मोर्शीवाल्यांनी त्यांना मिठीच मारली. पार्बताबाईंचा जीवही आनंदानं नुसता फुलून आला होता, पण त्यांनी तो आवरून धरला.

"थांबा जी. आधी पोरीच्या बापाचं नाव सांगा."

"मनोज."

"अन् आडनाव?"

"बोळे."

"मंग येऊ द्या!" पार्बताबाई म्हणाल्या.