गाण्याचं ना-हरकत प्रमाणपत्र

चिचटोलीच्या मंडईत ऑर्केस्ट्रा ऐकता ऐकता महिला राखीव विभागाच्या मागच्या चार रांगा आडव्या झाल्या. ही बाब समितीच्या लक्षात यायला जरा उशीर झाला, कारण आमच्याकडे गाणं आवडलं तर बायका डोळे मिटून डोलतात आणि नाही आवडलं तर तिथंच झोपतात. गाणं संपलं, टाळ्या फक्त पुरुषांकडून आल्या, तेव्हा सरपंच धर्मेंद्र माझ्या कानाशी लागले.

"ताराचंदजी, बायांचा आवाज काहून बंद झाला?"

मी म्हटलं, "सरपंच, गावात पहिल्यांदाच झाला आहे, होऊ द्या." हा विनोद मी पुढे अहवालात घेतला नाही.

मी मंडई उत्सव समितीचा सचिव. जवाहरनगरच्या सरकारी कारखान्याच्या क्वार्टरात उभी हयात काढून निवृत्त झालो, त्यामुळे कार्यालयीन टिपणी कशाशी खातात हे गावात फक्त मला ठाऊक आहे. बाकीच्यांना मंडई म्हणजे दिवाळी सरली की भरणारी जत्रा, घरी आलेले पाहुणे, दुपारी दंडारीचा खेळ, जिलेबी आणि संध्याकाळचा कार्यक्रम. त्यामागे नियोजन किती असतं, हे कोणी विचारत नाही.

तर नियोजन ऐका. फुकट्यांनी बाहेरून बघू नये म्हणून मंडप चारही बाजूंनी कनातीनं बंद. गारठा येऊ नये म्हणून कनातीवर ताडपत्री. मागच्या वर्षी जनरेटरमधलं डिझेल कोणीतरी काढून नेलं, म्हणून यंदा जनरेटर मंडपाच्या आत. त्याच्या आवाजाचा त्रास सोफ्यावरच्या मान्यवरांना होऊ नये म्हणून तो महिला विभागाच्या मागे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुख्य गायिका आधी गात नाही. आधी सत्कार. ती आधी गाऊन गेली तर सत्कार बघायला कुत्रंही थांबत नाही. त्या दिवशी सत्कार इतके लांबले की शाली संपल्या. मग पहिल्या मानकऱ्यांच्या अंगावरच्या शाली गुपचूप काढून शेवटच्यांना घालाव्या लागल्या. तोवर जनरेटर इमानेइतबारे चालू होता. शेवटी रुचिता माइकपाशी आली, गाऊ लागली आणि बायका पडल्या.

कोणी दगावलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. उचलून बाहेर वाऱ्याला नेल्या तशा साऱ्या उठून बसल्या. दोघीतिघींनी ओकारी काढली आणि एकीनं चहा मागितला.

रुचिता शहापूरची. पोरीच्या गळ्यात खरंच काहीतरी आहे, हे मी कुठंही लिहून देणार नाही, पण आहे. तिची आई रत्नमालाबाई प्रत्येक कार्यक्रमाला तिच्यासोबत गरम पाण्याचा थर्मास घेऊन येते. मंडईचे दिवस हाच त्यांचा हंगाम. या दिवसांत ज्या सुपाऱ्या मिळतात त्यांवर घर चालतं आणि नागपूरला गाणं शिकायला जाणंही त्यावरच. त्याच संध्याकाळी रुचिता मला म्हणाली, "काका, आतमंदी धूर कोंडला जी. मायंबी डोकं फुटून राह्यलं. तो जनरेटर पहिले बाहेर काढा."

"बाई," मी समजावलं, "जनरेटरला ना-हरकत प्रमाणपत्र आहे."

आणि ते खरं होतं. जनरेटरला होतं, मंडपाला होतं, भोंग्याला होतं, पाळण्याला होतं, जिलेबीवाल्यालाही होतं. सगळ्या फायली माझ्या हातून गेलेल्या. अख्ख्या कार्यक्रमात प्रमाणपत्र नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणं. आता तुम्हीच सांगा, संशय कोणावर घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी बाबुलालनं शोध लावला. बाबुलाल आमचा मोबाईल दुरुस्तीवाला. त्यानं रुचिताचं गाणं चित्रित केलं होतं. ते त्यानं ग्रामपंचायतीच्या ओसरीवर सगळ्यांना उलटं लावून ऐकवलं. जे ऐकू आलं ते कोणालाच समजलं नाही, यावरून ती तांत्रिक भाषा असल्याचं सिद्ध झालं. कोणतंही गाणं उलटं लावलं की असंच ऐकू येतं, असं मला वाटून गेलं. पण चारचौघांत तसं बोलायला मी काय खुळा आहे? पुढे त्यानं दाखवलं की गाताना रुचितानं घडीघडी कपाळाला हात लावला. ही मुद्रा आहे, बाबुलाल म्हणाला.

"अरे, डोकं दुखत होतं माझं!" रुचिता ओरडली.

"मुद्रा करताना दुखतेच," बाबुलालनं नोंद घेतली.

शिवाय पडलेल्या प्रत्येकीचं डोकं दक्षिणेला होतं. हे ऐकून ओसरीवर शहारा आला. रत्नमालाबाई म्हणाल्या, "अव माय! स्टेज उत्तरेले, खुर्च्या उत्तरेले, मंग मागं पडल्यावर डोकं का पूर्वेले जाईन?" यावर बाबुलालनं रुचिताच्या पर्समधून काही मिळालं का, लिंबू वगैरे, अशी विचारणा केली. तशी ती बाई जी तडकली! "आमी बाबासाहेबाईचे लोक आहो. आमच्या घरी लिंबू वरणावर पिळते रे, दारावर टांगत नाई." आरोपीच्या घरी लिंबू असल्याची कबुली मी टिपणीत घेतली.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गावच्या मंडईत रुचिता गायली आणि तिथंही बायका पडल्या. मंडप, सोफे आणि जनरेटर तिथंही भैय्यालालचेच होते, कारण या भागात दुसरा मंडपवाला नाही. सत्कारही भरपूर झाले होते. ही माहिती निरुपयोगी असल्यामुळे कोणी मागितली नाही. बाबुलालची फीत मात्र घरोघरी पोचली. मग तालुक्यावरून एक साहेब आले आणि चौकशी समिती बसली. मी सदस्य-सचिव, बाबुलाल तज्ज्ञ सदस्य. भैय्यालालला निमंत्रित म्हणून घ्यावं लागलं, कारण समितीला बसायला खुर्च्या त्याच्याच होत्या.

समितीचं काम लेखी ठरलेलं होतं: 'सदर गायनातील शक्तीचे स्वरूप निश्चित करणे.'

"साहेब," रुचिता म्हणाली, "शक्ती नाई, धूर होता. जनरेटर आतमंदी, कनात बंद, अन् घंट्याघंट्याचे सत्कार. कोणीबी पडन."

"बाई, विषयाला धरून बोला," साहेब म्हणाले. "जनरेटर समितीच्या कार्यकक्षेत येत नाही."

"मंग कोणाच्या येते?"

"त्यासाठी वेगळी समिती लागेल. आणि त्या समितीच्या कार्यकक्षेत गाणं येणार नाही."

साहेब शास्त्रीय विचारांचे होते. नुसत्या ऐकीव गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी दोन प्रयोग लावले. पहिल्यात मंडप तोच, जनरेटर तोच, सत्कार तेवढेच, फक्त गायिका नागपूरची बोलावली. बायका पडल्या. यावरून रुचिताची शक्ती तिच्या गैरहजेरीतही काम करते, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्यात रुचिताला उघड्या खळ्यावर, सत्कार न करता गायला लावलं. एकही बाई पडली नाही. यावरून ती चौकशीच्या वेळी शक्ती दाबून ठेवते, म्हणजे तपासात सहकार्य करत नाही, हेही स्पष्ट झालं. मग जादूटोणाविरोधी कायद्याचा हवाला देऊन, जादू केल्याबद्दल तिला खुलाशाची नोटीस निघाली. कायदा म्हणतो असली शक्ती नसते, नोटीस म्हणते ती हिच्याकडे आहे. मसुदा माझाच होता, साहेबांनी त्यात एक स्वल्पविराम वाढवला. खुलासा मान्य होईपर्यंत गायनाला बंदी.

बघता बघता पोरीच्या सगळ्या सुपाऱ्या मोडल्या. हंगाम चालला होता आणि ती घरी बसून होती. रत्नमालाबाई माझ्या दारात आल्या, म्हणाल्या, "भाऊ, तुमाले तं मालूम आहे ना जी, पोरीनं काई नाई केलं." मी म्हटलं, मला व्यक्तिशः काय माहीत आहे याला फायलीत जागा नसते. वाईट वाटलं हो मला. मी त्यांना चहासुद्धा विचारला.

इकडे गावात वेगळंच सुरू झालं. पडलेल्या बायकांचं वजन वाढलं होतं. त्यांना सलाईन लागलं, पाहुण्यांच्या हस्ते केळी मिळाली, पेपरात फोटो आले. ज्या पडल्या नाहीत त्यांना घरचेच विचारू लागले, तुले काहून नाई झालं काई? सासवा सुनांना घालूनपाडून बोलू लागल्या. सगळ्यात जास्त दुखावल्या त्या सरपंचांच्या मातोश्री कुंताबाई.

"साऱ्या गावच्या बाया पडल्या," त्या लेकाला म्हणाल्या, "अन् मी सरपंचाची माय, सोफ्यावर ठोंब्यासारखी बसून राह्यली! लोक का म्हणतीन? हिच्यात देवच नाई म्हणतीन."

सरपंचांनी तालुक्याला खेटे घातले. शेवटी साहेबांनी 'निरीक्षणाखालील गायन' मंजूर केलं. अट सरळ होती: लोक पडले तर रुचितावर गुन्हा, नाही पडले तर ती निर्दोष आणि बंदी उठली. कुंताबाईंच्या खास विनंतीवरून सोफे उचलून मागे, जनरेटरला लागून मांडले. मागच्या रांगांसाठी पार अड्याळ गावापासून वशिले आले. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पडल्यावर पदर कसा राहील याची तालीम करून आल्या होत्या.

सत्कार सुरू झाले. सत्कार चालू असताना माणूस इकडेतिकडे बघत नाही, आपलं नाव कधी पुकारतात तिकडेच त्याचे कान असतात. तेवढ्यात रुचिता आणि रत्नमालाबाई मायलेकींनी दोन्ही बाजूंच्या कनातीचे दोर सोडले. ताडपत्रीसकट कनात धाडकन खाली आली. धानाच्या बांधीवरचा गार वारा भसकन आत घुसला आणि बाहेर उभे असलेले फुकटे एकदम सगळ्यांना दिसले. भैय्यालाल बोंबलत धावला. रुचितानं मात्र माइक धरला आणि सत्कार अर्धवट असतानाच गायला सुरुवात केली.

मी मान्यवरांच्या शाली सांभाळत होतो, तरी सांगतो, पोरगी जीव तोडून गायली. शेवटची ओळ तिनं बाहेरच्या फुकट्यांकडे बघत घेतली. गाणं संपलं. एकही माणूस पडला नाही. ती निर्दोष ठरली होती. तिनं आईकडे बघितलं आणि हसली.

आणि कुंताबाई सोफ्यावरून उठल्या.

"हे का होय? मी इतक्या वेळची बसून आहो, अन् पडलीच नाई! फसवलं ना या पोरीनं!"

मग सगळा मंडप उसळला. "विद्या गेली हिची!" "पहिल्यासारखी जान नाई राह्यली!" "आमी का नुसतं गाणं आयकाले आलो होतो?" एक बाई तर निषेध म्हणून स्वतःहून आडवी झाली, पण तिला कोणी केळी दिली नाहीत. रुचिता माइक धरून तशीच उभी होती. रडत होती ती.

"काकू," ती म्हणाली, "मायी विद्या गाणंच आहे जी. ते तं कोणी आयकलंच नाई."

अहवालात आम्ही लिहिलं, 'सदर गायिकेमध्ये कोणतीही शक्ती आढळून आली नाही.' बंदी उठली. हे वाक्य बाबुलालनं फोटो काढून सगळीकडे पाठवलं आणि उरलेला हंगामही गेला. ज्यांनी तिला चेटकीण आहे म्हणून नाकारलं होतं, त्यांनी आता नाही म्हणून नाकारलं. तिच्या जागी आता नागपूरची गायिका सगळीकडे चालते. तिच्या जाहिरातीत 'माणसं पडण्याची हमी' असं भैय्यालालनं स्वतः छापलं आहे.

येत्या मंडईत चौकशी समितीचा जाहीर सत्कार आहे. कनात नवी आणि जाड शिवून घेतली आहे, दोर आता आतून कुलूपबंद. जनरेटरही मोठा आणला, कारण जुन्याला वेळ फार लागायचा. रत्नमालाबाई भेटल्या होत्या. रुचिता त्याच संध्याकाळी मंडपाबाहेर, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, फुकट्यांसाठी विनामाइक गाणार आहे म्हणे. "या जी आयकाले," म्हणाल्या. मी म्हटलं, आलो असतो, पण आत माझा सत्कार आहे.

तुम्ही एवढं सगळं शांतपणे वाचलंत, जनरेटर कुठं होता हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं आणि तरी हसत होतात, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच. तेव्हा तुमचाही सत्कार ठेवला आहे. शाल आहे, श्रीफळ आहे, सोफ्यावर जागा धरली आहे, जनरेटरला अगदी लागून. नाव माइकवरून कसं पुकारायचं तेवढं कळवा. बाहेर बांधीत बसायचं असेल तर तसं कळवलं तरी चालेल, तुमची शाल दुसऱ्याला घालू. अजून तरी तसं कोणी कळवलेलं नाही.