मूळ उत्पादकास परत

नगरपालिकेच्या कचरा डेपोत कचरा आढळून आल्याची परवाना कार्यालयाने गंभीर दखल घेतली आणि डेपोच्या मुकादमांच्या टेबलावर नोटीस येऊन पडली. डेपो बावीस वर्षं चालू होता, पण पर्यावरण परवाना काही त्याच्याकडे नव्हता. महिनाअखेर तो मिळाला नाही तर डेपोला टाळं आणि मुकादमांची बदली तक्रार खिडकीवर. म्हणजे कचऱ्याचं तोंडही न बघता दिवसभर कचऱ्याबद्दल ऐकून घ्यायचं! बायकोला मात्र बदली पसंत होती. निदान कपड्यांना वास येणार नाही, असं ती म्हणाली. ते त्यांच्या फार मनाला लागलं.

अर्ज त्यांनी चार वर्षांपूर्वीच पाठवला होता, पण त्याची पोच काही आली नव्हती. त्यांनी नवा केला. अटी बासष्ट. कुंपण घातलं, झाडं लावली, डासांची नर-मादी अशी वेगवेगळी गणनाही केली. सदतिसाव्या अटीवर घोडं अडलं. तपासणीच्या दिवशी विनापरवाना स्थळावर कचरा असता कामा नये. मुकादम परवाना अधिकारी मॅडमकडे गेले.

"कचरा ठेवायला परवाना हवा आणि परवान्यासाठी कचरा नको," मॅडम म्हणाल्या. "यात न समजण्यासारखं काय आहे?"

"मग असलेला न्यायचा कुठे?"

"परवानाधारक डेपोत."

"आसपास आहे असा?"

"होईल ना. तुमचाच. परवाना मिळाला की." मग त्यांना दया आली असावी. त्यांनी पान उलटलं. "नाहीतर पोटकलम ब लावा. मूळ उत्पादकास परत."

दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. पण बावीस वर्षांत मुकादमांना कचऱ्याच्या पिशवीची गाठ बघून घर सांगता येऊ लागलं होतं. जुना ढीग 'भूभाग' या सदरात बसला, कारण त्यावर गवत उगवलं होतं. उरला चार वर्षांचा. सकाळी गाड्या भरून निघू लागल्या आणि मुकादम स्वतः दारोदार पिशव्या पोचवून सह्या घेऊ लागले.

गावात एकच गोंधळ उडाला. पिशवी आपली आहे असं कोणी म्हणेना. रोग्यांना गोड बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी मिठाईचे अडीचशे खोके ओळखलेच नाहीत. मुकादमांनी दुहेरी गाठ दाखवली आणि ही फक्त तुमच्या घरी मारतात असं नम्रपणे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी इकडेतिकडे बघत सही ठोकली. मुख्याध्यापकांच्या पोत्यात न तपासलेल्या उत्तरपत्रिका निघाल्या. प्लास्टिकविरोधी मंडळाच्या अध्यक्षांकडे तर गाडीला दोन खेपा कराव्या लागल्या. मुकादमांना लाजच वाटत होती, पण नियम म्हणजे नियम.

तपासणीच्या दिवशी डेपो आरशासारखा लख्ख होता. मॅडमनी बूट न काढता चालायलाही संकोच केला. एकच पिशवी उरली होती, मुकादमांच्या खुर्चीशेजारी.

"हा कचरा कोणाचा?" मॅडमनी पेन उघडलं.

"आपलाच. घरी पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून म्हटलं हातात द्यावी."

"माझा कशावरून?"

मुकादमांनी गाठ सोडली. चहाच्या वाळून दगड झालेल्या चोथ्याखाली एक जाड लिफाफा होता. वर मुकादमांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पर्यावरण परवान्यासाठी अर्ज'. लिफाफा फोडलेलासुद्धा नव्हता. मुकादमांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी पिशवी पर्सखाली धरली आणि उभ्याउभ्याच परवान्यावर सही केली. खाली शेरा मारला: 'आदर्श डेपो. सद्यःस्थिती कायम राखणे बंधनकारक.'

मुकादमांनी परवाना फ्रेम करून भिंतीला लावला. दुपारी कचऱ्याची पहिली गाडी आली. त्यांनी शेरा पुन्हा वाचला आणि गाडी फाटकातूनच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी बारा परत पाठवल्या.

आठवड्याभरात गावात पाय ठेवायला जागा राहिली नाही. तक्रार खिडकीला तर पिशव्यांनी वेढाच घातला. तेव्हा नगरपालिकेने ती खिडकी गावातल्या एकमेव स्वच्छ जागी हलवली. डेपोत. तिथे माणूस आयताच होता.

आता मुकादम रोज दहा ते पाच तिथे बसतात. कपड्यांना वास येत नाही, बायको खूश आहे. रांग फाटकाबाहेर जाते आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. शेजाऱ्यांनी आमच्या दारात पिशवी टाकली. पुरावा म्हणून जो तो पिशवी सोबत आणतो. मुकादम चष्मा वर करून आधी गाठ बघतात, मग माणसाकडे बघतात, आणि सहीसाठी वही पुढे सरकवतात.

रांग तशी भरभर सरकते. तुमच्यापुढे आता तीनच जण आहेत. गाठ सोडून दुसरी मारायची असेल, तर वेळ आहे अजून.