गच्चीवरचे पांढरे शीड

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी उचलतो आहे; वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण छावणी भागातल्या आमच्या शेजारच्या गच्चीवर बारा महिने वाळत असलेली पांढरी चादर मला स्वस्थ बसू देत नाही.

ती रंगनाथकाकांची. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. पण त्यांनी मनाला लावून घेतला तो ग्रीक पुराणातला एजियस राजा. त्याचा मुलगा राक्षसाला मारायला समुद्रापार गेला. जिवंत परतलो तर जहाजाचे काळे शीड उतरवून पांढरे लावीन, असे ठरले होते. मुलगा जिंकला, पण शीड बदलायला विसरला. काळे शीड पाहून राजाने समुद्रात उडी घेतली.

"घाई नडली राजाला!" काका येरझारा घालत म्हणतात. "जहाज काठाला लागूस्तोर थांबायचं व्हतं की!" स्वतः काका मात्र चहा निवेपर्यंतही थांबत नाहीत.

त्यांच्या घरातून कोणी 'जातो' म्हणून निघू शकत नाही. मी एकदा चुकलो, तर फाटकापर्यंत मागे आले. "जातो नाय, येतो म्हणा. अन् पोचल्यावर मिस्ड कॉल. तेच आपलं शीड!"

एकदा काकू गुलमंडीच्या बाजारात गेल्या आणि मिस्ड कॉल विसरल्या. काकांनी मला स्कूटर काढायला लावली. काकू रसवंतीवर निवांत रस पीत होत्या.

"मी तर उडीच मारणार व्हतो!" काका कडाडले.

"नळाला पाणी नाय, अन् निघाले समुद्रात उडी मारायला!" काकूंनी ग्लास ठेवला. रसवंतीवाल्याला हसू आवरेना.

परवा वावटळीत ती चादर आमच्या अंगणात येऊन पडली. परत द्यायला गेलो. "काका, कधीच वाळली आहे. घडी घालावी आता."

काका चादर घेऊन जिना चढू लागले. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "लेक भांडून पुण्याला गेला, तवा दारात 'जातो' म्हणाला. साऱ्या गावाला टोकणारा ह्यो माणूस, त्या दिवशी गप बसला बघा. तवापासून चादर. बापाचा राग गेलाय, हे पोराला लांबूनच दिसावं म्हणून."

वर काका चिमटे लावत होते. मी खालून मोठ्याने "येतो" म्हणालो. त्यांची नजर नगरच्या रस्त्यावर होती.

आपण कधी पुण्याहून आलात, तर त्या रस्त्यावरून ती चादर दिसते का, एवढे मला सांगाल का?