किसमिसचा पुरावा

माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि ते ऋण झाडे मास्तरांचं. सेलूच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. त्यांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेचे अडाणी होते: विसरण न कळणारे आणि परासरण न कळणारे. दोन्ही न कळणाऱ्याचा नमुना म्हणून ते वर्गात माझ्याकडे बोट दाखवत.

पेल्यातल्या पाण्यात शाईचा थेंब टाकून म्हणत, "हे विसरण. दाट होती तिथून पातळ तिकडे शाई निघाली. ना पडदा, ना आडकाठी. हेडमास्तरच्या गप्पांसारखी गावभर." मग भिजलेली किसमिस वर धरत. "हे परासरण. हिच्या सालीतून साखर बाहेर येत नाई, पाणी मात्र गपचूप अंदर जाते. कळलं काय बे, हिंगणी?"

हिंगणी म्हणजे मी. त्या गावाहून रोज पायी येत असे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

बाजारातही तेच. सुकलेली मेथी पाण्यात बुडवणाऱ्या बाईला विचारत, "हे काय होऊन राह्यलं, माहीत हाये?"

"मास्तर, घ्याची असन तर घ्या."

"अडाणी," म्हणून पुढे जात. घरी एकटेच होते. चहा गुळाचा पीत. साखर म्हणे प्रयोगाला लागते.

एकदा प्रार्थनेत मला घेरी आली. "विज्ञान न कळल्याचा परिणाम," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत माझ्या एकट्यासाठी प्रयोग सुरू झाला. मूठभर किसमिस पाण्यात फुगलेली, मूठभर साखरेच्या पाकात पुन्हा आकसलेली.

"फरक सांग."

मी सांगे. बरोबर सांगे.

"पाठांतर हाये. डोक्यात गेलं नाई. उद्या परत. आता पुरावा नष्ट कर."

मी किसमिस खाई.

"पाकही पुरावाच हाये बे."

मी पाकही पिई. खिडकीत पोरं हसत. दोनदा मी शाळा सोडायचं ठरवलं. दोन्ही वेळा तो विचार मधल्या सुट्टीपर्यंत लांबणीवर पडला. मॅट्रिक होईपर्यंत माझं उत्तर त्यांना एकदाही पटलं नाही. असा खडूस माणूस पाहिला नाही, हे मी पुढे नागपुरात सगळ्यांना सांगत असे.

तिथे कॉलेजात तोच प्रयोग झाला. एकदाच. संपल्यावर मी सवयीने किसमिस तोंडात टाकली आणि पाकाचा पेला उचलला.

"अहो, हे काय करून राह्यले?" सर ओरडले.

"पुरावा नष्ट करतोय, सर."

सगळे हसले. मीही हसू लागलो, आणि मधेच थांबलो.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी पत्र टाकलं:

"मास्तरांस साष्टांग नमस्कार. पास झालो. तरी विसरण आणि परासरण यांतला फरक मला अजून कळलेला नाही. प्रयोग पुन्हा करावा लागेल. रविवारी येतो. किसमिस मी आणतो, साखरही. पुरावा फार होईल. या खेपेस तो नष्ट करायला आपल्यालाही हात लावावा लागेल.

आपला,
हिंगणी"